कोऱ्या पोटाचं विरजण

सुरुवातीलाच सांगून टाकते, नाकाला पदर लावायचा असेल तर आत्ताच लावा. ही गोष्ट माझ्या पोटाची आहे, आणि पोटातून रोज सकाळी जे बाहेर पडतं त्याची आहे. सत्तरी ओलांडल्यावर घरच्यांना माझी किंमत कळली ती तिथून. तोंड वाकडं करू नका. मी केलं नाही, तर तुम्ही कशाला करता?

मी रतन आरवाडे. सांगलीत आमची हळदीची अडत. लग्न होऊन या घरात आले आणि थोड्याच वर्षांत कपाळ पांढरं झालं. मूलबाळ नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची थोरली कोऱ्या पोटाचीच राहिली हो." मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी असायचे.

त्या घरात आजारी पडायलासुद्धा मान लागायचा. धाकट्या जावेला, वैजयंताला, दोन शिंका आल्या की डॉक्टर कुडचे घरी हजर. त्यांच्या हाताला गुण आहे असं अख्खी पेठ म्हणायची. हाताला कसला आलाय गुण? बॅगेतल्या गोळीला गुण होता. सर्दीला तीच, तापाला तीच, घसा धरला तरी तीच. वर आमची वैजू म्हणणार, "जरा स्ट्राँग द्या डॉक्टर, परवा लग्नाला जायचंय."

मला ताप आला की सासूबाईंचं ठरलेलं. "घरात पोत्यानं हळद पडलीय, हिला डॉक्टर कशाला?" हळद-दूध पिऊन मी टायफॉइड काढला. कान फुटला तेव्हा हळदीचं कोमट तेल. तो डावा कान कायमचा गेला. अजूनही कोणी डावीकडून बोललं तर मी नुसती मान हलवते, आणि लोकांना वाटतं म्हातारी किती समजूतदार!

पुढे सासूबाई गेल्या, आमचे धाकटे भाऊजीही गेले, वैजू घरची मालकीण झाली. खोटं कशाला बोलू, ती विचारायची. "अक्का, बोलावू का गं डॉक्टरांना?" पण तोवर मीच हट्टाला पेटले होते. इतकी वर्षं नव्हते ना डॉक्टर? मग आता कशाला, उपकार करायला? माझं आपलं उकळून गाळलेलं पाणी, दिवस मावळायच्या आत जेवण आणि बसदीतलं दर्शन. आम्ही जैन, ते नेम लहानपणापासूनचे. वैजूचे नेम मात्र भाऊजींबरोबरच गेले. रात्री नऊला भडंग खात बसायची नि मला चिडवायची, "अक्का, वर गेल्यावर तुला पहिल्या रांगेत बसवतील बघ." आमचं भांडण होतं आणि हसणंही होतं. पन्नास वर्षं एका छताखाली काढल्यावर दोन्ही होतंच.

गोळ्यांचं पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. आधी एक चालेनाशी झाली, मग दुसरी, मग दवाखान्यातली सुईची महागडी औषधंही पाण्यासारखी झाली. आमच्या वयाच्या सगळ्यांची समजूत एकच, अंगाला गोळीची सवय लागते. म्हणून वैजू जन्मभर मोठी काळजी घ्यायची. दोन गोळ्या पोटात गेल्या, बरं वाटलं, की बंद. "अंगाला सवय लावून घ्यायची नाही," ती शहाणपणानं सांगायची, आणि कट्ट्यावरच्या बायका माना डोलवायच्या.

मग ते यंत्र आलं. सकाळचा चिमूटभर नमुना त्यात घातला की ते पोटातल्या सगळ्या जंतूंची नावं वाचतं, कुठला जंतू कुठल्या औषधाला जुमानत नाही ते सांगतं आणि कागद बाहेर टाकतं. सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी केलं 'जंतूपत्रिका'. हिरवी आली तर ऑपरेशन होणार, लाल आली तर डॉक्टर हात जोडणार. लग्न जमवताना पोरं एकमेकांची जंतूपत्रिका मागायला लागली. जन्माची पत्रिका जुळून माझं काय भलं झालं होतं, म्हणून मी हसत होते.

पावसाळा सरता सरता वैजू न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला.

पूर्वी हे मोठं दुखणं नव्हतं. आमच्या कट्ट्यावरची निम्मी मंडळी सांधा बदलून कोल्हापूरला देवदर्शन करून आली होती. पण वैजूची पत्रिका आली लालभडक. तिच्या खाटेशी डॉक्टर समीना मुजावर येऊन बसली. तिशीतली पोर, पण बोलणं कसं शांत.

"आजी, आत्ता ऑपरेशन करता येणार नाही. तुमच्या आतड्यात जे जंतू आहेत ते एकदा रक्तात उतरले, तर थांबवायला माझ्याकडे एकही औषध नाही."

"अहो, मी तर सवय लागू दिली नाही!" वैजू कळवळून म्हणाली. "विचारा हिला. दोन गोळ्यांवर तिसरी कधी घेतली नाही."

"सवय अंगाला लागत नाही, आजी. जंतूंना लागते." मुजावरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "गोळी पोटात गेली की कच्चे जंतू आधी मरतात. चिवट मागे राहतात. गरज नसताना गोळी घेतली, किंवा अर्धवट सोडली, की त्या चिवटांना रान मोकळं. आणि त्यांच्याकडे गोळीला चकवायची एक युक्ती असते. अगदी बारीक, गोल दोऱ्यासारखी. त्या दोऱ्याची नक्कल करून ते शेजारच्या जंतूला देतात. दुसऱ्या जातीच्या जंतूलाही."

"जातीबाहेर?" वैजूनं डोळे मोठे केले.

"जातीबाहेर," मुजावरबाई हसल्या. "माणसांपेक्षा शहाणे आहेत."

मग त्यांनी उपाय सांगितला. वैजूच्या आतड्यात चांगल्या जंतूंची वस्ती करायची. कधीच अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसाच्या पोटातली वस्ती घ्यायची, स्वच्छ करायची, कॅप्सूलमध्ये भरून वैजूला द्यायची. ते जंतू आत शिरून जागा धरतात, चिवटांना खायला उरत नाही, ते हटतात. पहिल्यांदा दिल्यावर बरोबर आठवड्यानं, त्याआधी नाही, पुन्हा एकदा द्यायचं, त्याच माणसाचं. नाहीतर जुने परत डोकं वर काढतात. आणि ते ताजंच लागतं, गोठवलं की त्यातले कामाचे निम्मे मरतात.

"म्हणजे विरजण," मी म्हणाले.

"अगदी बरोबर, काकू. विरजणच."

आता असं कोरं पोट आणायचं कुठून? वैजूचा मुलगा श्रेणिक, त्याची बायको, त्याची पोरं, वैजूचे दोन्ही भाऊ, सगळ्यांच्या पत्रिका काढल्या. सगळ्या लाल. मग श्रेणिकनं कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना गाडीतून आणलं. प्रत्येक जण छाती ठोकून सांगत होता, "आयुष्यात गोळी घेतली नाही!" आणि पत्रिका लाल. एका आजोबांनी तर यंत्राशीच भांडण काढलं. मुजावरबाईंनी विचारलं, "कधीच नाही?" तर म्हणे, "गोळी नाहीच. कुडचे डॉक्टर पुडी द्यायचे. आणि सुई." पुडीत गोळीच कुटलेली असायची हे त्यांच्या गावीही नव्हतं. अँटिबायोटिक म्हणजे गोळी, पुडी म्हणजे साधं औषध, आणि सुई म्हणजे ताकद! घ्या आता.

मला कोणी विचारलंच नाही. शेवटी मुजावरबाईच म्हणाल्या, "या काकूंची?"

"तिची कशाला?" श्रेणिक म्हणाला. "तिचं काही कधी झालेलंच नाही." तो माझ्या डाव्या कानाशी आहे असं त्याला वाटलं असावं, पण हे मला चांगलं ऐकू आलं.

माझी पत्रिका हिरवी आली. बाईंनी यंत्र पुन्हा लावलं. पुन्हा हिरवी. त्या कागदाकडे बघत राहिल्या. "काकू, या वयात असं पोट मी पहिल्यांदा पाहतेय. तुम्हाला खरंच कोणी कधी औषध दिलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. "कोणीच नाही."

श्रेणिक खिडकीबाहेर बघायला लागला. वैजूनं पांघरूण नीट केलं. मला त्या क्षणी इतका राग आला की रडूच फुटलं, आणि त्यांना वाटलं म्हातारी आनंदानं रडतेय.

त्या दिवसापासून माझा भाव वधारला. जन्मभर मला 'रतनकाकू' म्हणणारा श्रेणिक 'मोठी आई' म्हणायला लागला. मागच्या अंगाला माझी खोली, तिथं एसी बसला. मला भेटायला कोणी यायचं नाही, आलं तर हात धुऊन, तोंडाला मास्क लावून. मला बाहेर जाऊ देईनात. बसदीत नको, गर्दी असते. कट्ट्यावर नको, खोकतात. एखाद्या दुभत्या म्हशीला जपावं तसं जपलं मला. सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले की दाराशी दवाखान्याचा माणूस रोजच्या तपासणीचा डबा घ्यायला उभा. ज्या घरात हळदीकुंकवाला मला पुढे येऊ दिलं नाही, त्या घरातला तो डबा दोन्ही हातांनी धरून नेत होते. मी मनातल्या मनात सासूबाईंना म्हणत होते, बघा हो, कोऱ्या पोटाचं बघा.

पहिलं विरजण वैजूला संध्याकाळी दिलं. मी शेजारीच बसले होते.

"दिवेलागणीला विरजण घराबाहेर देऊ नये म्हणतात," मी म्हणाले.

"आपण एकाच घरच्या की गं," ती म्हणाली, आणि कॅप्सूल हातात धरून तिला असं हसू फुटलं की नर्स धावत आली. "अक्का, उभ्या जन्मात तुझं खरकटं खाल्लं नाही, आणि आता हे बघ काय खातेय!" हसता हसता आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी. त्या वेळी वाटलं, जाऊ दे सगळं. ही उठून चालायला लागली तर बास.

चौथ्या दिवशी वैजूच्या पत्रिकेतला लाल रंग निम्म्यावर आला. मुजावरबाई खूश. दुसरं विरजण तेवढं उरलं होतं, मग ऑपरेशन.

आणि आमच्या सगळ्यांच्या आनंदावर विरजण पडलं ते इथं. मला थंडी वाजून ताप भरला. एसीची हवा कधी अंगाला माहीत नव्हती, वर कोण कुठला खोकला घेऊन आला देव जाणे. श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. श्रेणिकनंच गाडीतून दवाखान्यात नेलं, ते खोटं म्हणणार नाही. छातीचा फोटो काढला. निमोनिया.

मुजावरबाईंनी थुंकी तपासली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. एवढ्यात त्यांना माझा कान कळला होता. "काकू, तुमच्या छातीतला जंतू साधा आहे. अगदी जुन्या वळणाचा. तुमच्या आईच्या काळातली लाल-पिवळी कॅप्सूल त्याला पुरेल. ती आता कोणी लिहून देत नाही, कारण कोणावर चालत नाही. तुमच्यावर चालेल."

"मग देऊन टाका," मी म्हणाले.

त्यांनी श्रेणिककडे पाहिलं. मग माझ्याकडे. "एक सांगायला हवं. ती कॅप्सूल छातीपुरती थांबत नाही. आतड्यातही जाते. घेतलीत तर तुमचं विरजण या वेळी वापरता येणार नाही. पोटाची घडी पुन्हा बसायला वर्ष तरी लागेल."

मग श्रेणिक म्हणाला, "दुसरं विरजण परवा आहे, डॉक्टर. परवापर्यंत नुसत्या सलाइनवर..."

"त्यांचं वय बघा. उद्यापर्यंत काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"दोनच दिवस."

"निर्णय त्यांचा आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा नाही, माझाही नाही." त्यांनी कॅप्सूलची पट्टी माझ्या उशाशी ठेवली. तो जुना साठा कुठून शोधून आणला होता कोण जाणे.

श्रेणिक माझ्या पायाशी बसला. पाय धरले त्यानं. "मोठी आई, ती माझी आई आहे गं. आयुष्यभर अंथरुणावर पडून राहील. तू कणखर आहेस. टायफॉइड काढलास तू नुसत्या हळदीवर, आजी सांगायची आम्हाला."

सांगायची! माझ्या सोसण्याची गोष्ट करून पोरांना सांगायची, डॉक्टर बोलावला नाही हे तेवढं गाळून. मला बोलायला दम पुरत नव्हता, नाहीतर त्याला ऐकवलं असतं.

मी म्हणाले, "मला वैजूकडे घेऊन चल."

चाकाच्या खुर्चीतून तिच्या खाटेशी नेलं. तिला सगळं कळलं होतं. तिनं माझा हात धरला, चटका बसला तरी सोडला नाही.

"अक्का, किती भाजतेय गं तू!"

"निमोनिया आहे."

"तुला काही होत नाही," ती घाईनं म्हणाली. "तू कोरी आहेस. यंत्रानंच सांगितलं ना? तुझं अंगच तसं आहे, जंतूंची डाळ शिजत नाही तिथं. आम्ही आजारी पडलो म्हणून आम्हाला गोळ्या लागल्या. तुला कधी लागल्या?"

"मी आजारी पडत होते, वैजू. टायफॉइड झाला, कान फुटला. कोणी दिल्या नाहीत म्हणून घेतल्या नाहीत."

"तेच ते."

"तेच ते नाही गं! कोरं म्हणजे मजबूत नाही. माझ्या अंगावरच्या जंतूंनी गोळी बघितलेली नाही, म्हणून गोळी मला लागू पडते. नाही घेतली तर मी मरेन, कोरी ती कोरीच."

तिला ते पटलं नाही, की पटवून घ्यायचं नव्हतं. ती रडायला लागली. "एका गोळीनं किती जीव मारशील? पाणी गाळून पितेस तू, मुंगी चुकवून चालतेस. व्रत मोडतं की गं तुझं."

आता हिला माझं व्रत आठवलं, भडंग खाणारीला! मी संतापले. पण तिच्याकडे पाहिलं तर ती खरंच भ्यालेली होती. केस विस्कटलेले. म्हणाली, "मला चालायचंय गं, अक्का. मला दुसऱ्याच्या हातानं धुऊन घ्यायचं नाही. दोन दिवस कळ काढ. मी तुझ्या पाया पडते."

पन्नास वर्षांत ती माझ्याकडे काही मागत होती ती पहिली वेळ. आणि मला द्यावंसं वाटलं, हे कोणाला खरं वाटणार नाही. छातीत असं दुखत होतं, तरी वाटलं द्यावं. मग मला वाटलं, हे सगळे कळ काढायला मलाच का सांगतात? श्रेणिकनं एकदाही म्हटलं नाही की मोठी आई, तू मेलीस तर मला वाईट वाटेल. वैजूनं म्हटलं नाही. माझ्या जिवाचं बोलली ती एकटी परकी पोर, मुजावरांची.

"मलाही जगायचंय, वैजू," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खोलीवर परत आले तेव्हा दिवस मावळला होता. जन्मात पहिल्यांदा मी दिवस मावळल्यावर तोंडात काही घातलं. नर्सनं पाणी दिलं, मी लाल-पिवळी कॅप्सूल गिळली. श्रेणिक दारात उभा होता. "काकू," तो म्हणाला, आणि निघून गेला.

गोळी लागू पडली. कशी पडणार नाही? तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मला भूक लागली, मी दूध-भाकरी खाल्ली. इतक्या सहज बरं होता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कान आठवला आणि मी उशीत तोंड खुपसून रडले.

वैजूचे जुने जंतू आठवड्यात परत आले. पत्रिका पुन्हा लालभडक. दुसऱ्या कोऱ्या पोटासाठी नाव नोंदवलं, पण पुढे मोठी रांग होती. मुजावरबाईंनी माझ्यावर एका शब्दाचाही ठपका ठेवला नाही, आणि श्रेणिकशी त्या फार वेळ बोलत होत्या. शेवटी आम्हा दोघींना एकाच गाडीतून घरी आणलं. वैजूची खाट खाली दिवाणखान्यात टाकली. तिच्या सेवेला ठेवलेली बाई दोन दिवसही टिकली नाही, कारण वैजूचं तोंड. मग कोण करणार? मीच. माझा कोर्स संपायला अजून दोन दिवस होते, छातीत अजून घरघर होती, पण तिला कुशीवर वळवायची, पुसायची, पाठीला पावडर लावायची. ती गप्प असायची.

त्या दिवशी मी तिच्याजवळच बसून पट्टीतली कॅप्सूल काढली, तर ती बोलली.

"ताप गेला ना तुझा?"

"गेला."

"मग कशाला घेतेस अजून?"

"बाईंनी पुरा करायला सांगितलाय कोर्स."

तिची नजर पट्टीवर होती. हळूच म्हणाली, "त्या उरलेल्या मला दे ना, अक्का."

मला आधी समजलंच नाही. "तुला?"

"तुला बघ कशी लागू पडली. या जुन्या गोळ्याच खऱ्या होत्या, आताच्या सगळ्या भेसळीच्या. चार पोटात गेल्या तर माझेही मरतील. मग ऑपरेशन होईल." तिनं हात पुढे केला. "दे."

मी तिला सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. वैजू, गोळी तीच आहे, जंतू वेगळे आहेत. तुझ्या जंतूंनी ही गोळी लहानपणी पाहिलीय, ते तिला हसतात. घेतलीस तर जे थोडे चांगले उरलेत ते मरतील आणि चिवटांना आणखी जागा होईल. मुजावरबाईंना फोन लावून देते, त्यांना विचार. ती ऐकत होती, पण हात तसाच पुढे होता.

"नाही देणार?"

"नाही गं. तुझ्याच भल्यासाठी."

"भल्यासाठी!" ती म्हणाली. "आम्ही तुला तेव्हा दिल्या नाहीत म्हणून आता सूड उगवतेस. उगव." तिनं हात आत घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी तिच्यासमोर कॅप्सूल गिळली. दुसऱ्या दिवशी राहिलेल्याही गिळल्या. त्याला आता चार महिने झाले. वैजूच्या कमरेला पडून पडून जखम झाली आहे, ती भरत नाही, आणि ती भरणार नाही हे मुजावरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे. मी रोज जखम धुते. ती माझ्याशी बोलत नाही. भेटायला आलेल्या बायकांना मात्र माझ्यादेखत सांगते, मुद्दाम माझ्या उजव्या कानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते, "थोरलीकडे गोळ्या होत्या हो. उशाशी होत्या. मला दिल्या नाहीत."

बायका माझ्याकडे बघतात. मी काय बोलणार? खरंच आहे ते. नाही दिल्या.